वाचक विचारतात : गुलामगिरी संपली, मग पुढची शंभर वर्षं कसला लढा?

मागच्या अंकात अमेरिकेतली गुलामगिरी कशी संपली यावर या सदरात एक छोटं उत्तर दिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. बरेचसे प्रश्न सारखे होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : १८६५ ला गुलामगिरी कायद्याने बंद झाली ना? मग १९५५-६० साली बसमधल्या सीटसाठी आणि मतदानासाठी आंदोलनं का करावी लागली? मधली शंभर वर्षं लोक गप्प बसले होते का? (कॉलेजचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : अजिबात गप्प नव्हते. खरं तर ते हक्क त्यांनी एकदा मिळवले होते आणि नंतर ते काढून घेतले गेले, आणि आपल्याकडच्या पुस्तकांत नेमका हाच भाग गाळलेला असतो, लिंकन झाला की थेट मार्टिन ल्यूथर किंग.

झालं असं की उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधलं गृहयुद्ध १८६५ ला संपल्यावर सुमारे ४० लाख लोक मोकळे झाले, पण दक्षिणेतल्या राज्यांची सरकारं जुन्या मालकांच्याच हातात राहिली. त्यांनी काही महिन्यांतच नवे कायदे केले, त्यांना 'ब्लॅक कोड' म्हणतात. मिसिसिपीचा बघा, १८६५ च्या नोव्हेंबरचा. दर जानेवारीत कृष्णवर्णीय माणसाने आपण कुणाकडे कामाला आहोत याचा लेखी पुरावा दाखवायचा, वर्ष संपायच्या आत काम सोडलं तर आधी कमावलेली मजुरीही गेली, आणि काम नसेल तर तो 'भटक्या' म्हणून गुन्हेगार, त्याला दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. आईवडील पोसू शकत नाहीत असं कोर्टाने ठरवलं की पोरं 'शिकाऊ' म्हणून दुसऱ्याच्या ताब्यात, आणि त्यात पहिला हक्क कुणाचा, तर जुन्या मालकाचा! आपल्याकडे याला सरळ वेठबिगारी म्हणाले असते. शिवाय गुलामगिरी बंद करणाऱ्या १३ व्या घटनादुरुस्तीतच एक फट होती, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल अशी. ती फट पुढे कैदी भाड्याने द्यायच्या धंद्याला फार उपयोगी पडली.

हे बघून उत्तरेकडचे लोक भडकले आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १८६७ मध्ये दक्षिणेत लष्कर ठेवून नव्याने निवडणुका घ्यायला लावल्या. पुढे १८६८ च्या १४ व्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्यापुढे समान संरक्षण दिलं, १८७० च्या १५ व्या दुरुस्तीने रंगावरून मताधिकार नाकारायला बंदी घातली. त्यानंतरचा काळ वाचताना विश्वास बसत नाही! कालपर्यंत ज्यांना वाचायला शिकवणं गुन्हा होता त्यांच्यातले लोक आमदार झाले, शेरीफ झाले, शाळा मंडळांवर गेले. हायरम रेव्हल्स १८७० मध्ये मिसिसिपीतून सिनेटवर गेला. रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. युद्धात, १८६२ साली, गुलाम असताना त्याने चार्ल्स्टनच्या बंदरातून दक्षिणेच्या सैन्याचं 'प्लँटर' नावाचं जहाज बायकापोरांसकट पळवलं, पुढे तो खासदार झाला आणि ज्या मालकाच्या घरी जन्मला तेच घर विकत घेऊन त्यात राहिला. दक्षिणेत सरकारी खर्चाने सगळ्यांसाठी शाळा हा प्रकार रुजला तोही याच सरकारांमुळे, आणि त्याचा फायदा गरीब गोऱ्यांच्या पोरांनाही झाला हे विसरू नका.

मग हे बुडालं कसं? एक म्हणजे सरळ मारामारी. १८७३ च्या ईस्टरच्या दिवशी लुईझियानात कोलफॅक्स गावात निवडणुकीच्या वादातून कोर्टाची इमारत राखणाऱ्या कृष्णवर्णीयांवर हल्ला झाला, कित्येक जणांना तर शरण आल्यावर मारलं. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १८७६ मध्ये कोर्ट म्हणालं की १४ वी दुरुस्ती राज्य सरकारांवर बंधन घालते, खासगी माणसांनी केलेल्या अत्याचाराला ती लागू नाही. झालं, आरोपी सुटले. दुसरं म्हणजे १८७६ ची अध्यक्षाची निवडणूक वादात अडकली, ती सोडवताना हेजला अध्यक्षपद मिळालं आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं लष्कर बाजूला काढलं गेलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १५ वी दुरुस्ती होती, त्यामुळे 'काळ्यांना मत नाही' असं लिहिता येत नव्हतं, मग रंगाचा उल्लेखच न करता तेच काम करणारे कायदे आले. मिसिसिपीने १८९० मध्ये नवी राज्यघटना केली, मतदानासाठी दोन डॉलर कर आणि घटनेतलं कलम वाचून दाखवा नाहीतर समजावून सांगा. समजलं की नाही हे ठरवणार कोण, तर समोर बसलेला गोरा कारकून. लुईझियानाने १८९८ मध्ये कहरच केला, शिक्षणाची आणि मालमत्तेची अट घातली पण ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ च्या आधी मतदार होता त्याला अट माफ! आता त्या तारखेला तिथे गोरे सोडून मतदार होतं कोण? १८९६ मध्ये तिथे १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०० मध्ये राहिले ५,३२०.

तर १९५५ नंतरचा लढा हा नव्याने काही मागायचा नव्हता, घटनेत आधीच लिहिलेलं होतं ते वसूल करायचा होता.

प्रश्न : प्रत्येक गुलामाला ४० एकर जमीन आणि एक खेचर देणार होते म्हणतात, ती अफवा होती की खरं? (शेतकरी वाचक, लातूर)

उत्तर : जमीन खरी होती आणि काही लोकांनी ती कसलीही. १२ जानेवारी १८६५ ला जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेच्या सैन्याचा जनरल शर्मन २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना भेटला आणि तुम्हाला काय हवंय असं विचारलं. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले, वय ६७, स्वतःचे पैसे भरून स्वतःला सोडवून घेतलेला माणूस. त्यांचं म्हणणं, आम्हाला जमीन द्या, आम्ही आमच्या कष्टाने कसू आणि आमचं आम्ही बघू. चारच दिवसांत हुकूम निघाला, चार्ल्स्टनपासून फ्लोरिडापर्यंतची किनारपट्टी, कुटुंबाला ४० एकरपर्यंत. खेचर त्या हुकुमात नव्हतं, लष्कराकडची वापरून झालेली जनावरं काहींना मिळाली त्यावरून ते चिकटलं. सुमारे ४०,००० लोक ४ लाख एकरांवर बसले.

लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला आणि त्याने जुन्या मालकांना माफी देऊन जमिनी परत करायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये मोकळ्या झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड याला साउथ कॅरोलिनाच्या एडिस्टो बेटावर पाठवलं, लोकांना समजावून सांगायला की मालकांना माफ करा आणि त्यांच्याकडेच मजुरीचं कॉन्ट्रॅक्ट करा. तिथल्या लोकांनी जो अर्ज लिहिला तो आजही आहे, त्यात ते म्हणतात की ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले त्याला मी माफ कसं करू, आणि तोच माणूस आता मला जमीन द्यायलाही तयार नाही.

त्यानंतर बहुतेकांच्या वाट्याला आली ती वाट्याने शेती. बियाणं, खत, धान्य सगळं मालकाच्या किंवा दुकानदाराच्या वहीवर उधार, आणि कापूस निघाला की हिशेब तोच करणार. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : प्लेसी खटल्यातला प्लेसी चुकून गोऱ्यांच्या डब्यात बसला होता का? (लॉ शिकणारी वाचक, नाशिक)

उत्तर : चुकून? सगळं ठरवून केलेलं! मला या काळातला सगळ्यात आवडता किस्सा हाच, जरा सविस्तर सांगतो.

लुईझियानाने १८९० मध्ये रेल्वेत रंगावरून वेगळे डबे करायचा कायदा केला, 'समान पण वेगळे' ही भाषा त्यातलीच. न्यू ऑर्लिन्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या मोकळे असलेले, फ्रेंच बोलणारे, शिकलेले मिश्रवर्णीय लोक बरेच होते, त्यांना हे फार झोंबलं. त्याच शहरात १८६७ मध्ये कृष्णवर्णीयांसाठीच्या, चांदणीचं चिन्ह रंगवलेल्या वेगळ्या ट्रामविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते आणि ती पद्धत त्यांनी बंद पाडली होती, म्हणजे वेगळं बसवणं ही काही अनादि काळापासूनची रीत नव्हती. १८९१ मध्ये त्यांनी नागरिकांची कमिटी काढली. लुई मार्टिनेचं 'क्रुसेडर' नावाचं वर्तमानपत्र होतं त्यातून वर्गणी गोळा केली, सुमारे तीन हजार डॉलर जमले. वकील मिळाला ऑल्बियन टुर्जे, उत्तरेतला गोरा, युद्धात लढलेला, नॉर्थ कॅरोलिनात जज असताना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी टोळीशी पंगा घेतलेला, आणि त्याने फी घेतली नाही.

पहिली टेस्ट केस फेब्रुवारी १८९२ ची, डॅनियल डेडून नावाच्या तरुणाची. तो अलाबामाला जाणाऱ्या गाडीत बसला, अटकही झाली, पण राज्याबाहेर जाणाऱ्या प्रवाशाला हा कायदा लागत नाही म्हणून केस निकालात निघाली. मग राज्यातल्या राज्यात जाणारी गाडी शोधली. ७ जून १८९२ ला होमर प्लेसी, धंद्याने चपला-बूट शिवणारा, न्यू ऑर्लिन्सहून कोव्हिंग्टनच्या गाडीचं फर्स्ट क्लासचं तिकीट काढून बसला. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे, दिसायला गोराच, त्यामुळे न सांगता कुणाला कळलंही नसतं! कंडक्टरला सांगितलं गेलं, आणि पकडायला जो डिटेक्टिव्ह आला तो कमिटीनेच भाड्याने आणलेला होता, नेमक्या याच कायद्याखाली अटक व्हावी म्हणून. रेल्वे कंपनीलाही आतून हा कायदा नकोच होता, कारण जादा डब्यांचा खर्च तिच्याच माथी.

टुर्जेचे मुद्दे वाचताना मजा येते. माणसाचा वंश कोणता हे रेल्वेचा कंडक्टर ठरवणार का? गोरा म्हणून ओळखलं जाणं ही जर समाजात मालमत्ता असेल तर ती कोर्टाशिवाय काढून कशी घेता? आणि त्या कायद्यात एक सूट होती, गोऱ्या मुलांना सांभाळणाऱ्या आयांना तो लागू नव्हता. म्हणजे बाळाला मांडीवर घेऊन बसलेली काळी बाई गोऱ्यांच्या डब्यात चालेल, तीच बाई स्वतःचं तिकीट काढून आली तर चालणार नाही. यात स्वच्छतेचा किंवा गर्दीचा काय संबंध?

१८ मे १८९६ ला सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध १ ने प्लेसीच्या विरोधात निकाल दिला. म्हणे वेगळं बसवण्यात कमीपणा कुठेच नाही, काळ्या लोकांनीच तसा अर्थ लावून घेतलाय! एकटा जस्टिस हार्लन विरोधात गेला, आपली घटना रंग बघत नाही असं त्याने लिहिलं, आणि हा केंटकीच्या गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातला माणूस. पण त्याला लगेच मखरात बसवू नका, त्याच निकालपत्रात त्याने चिनी लोकांबद्दल हे आपल्यापेक्षा इतके वेगळे की यांना आपण नागरिकही होऊ देत नाही, असंही लिहून ठेवलंय.

जानेवारी १८९७ मध्ये प्लेसीने गुन्हा कबूल करून २५ डॉलर दंड भरला. कमिटीने जाहीर केलं की आमचं बरोबरच होतं असं आम्ही अजूनही मानतो, आणि काम बंद केलं. लुईझियानाच्या गव्हर्नरने प्लेसीला माफी दिली ती २०२२ मध्ये.

प्रश्न : या सगळ्यात बायका कुठे होत्या? नावं सगळी पुरुषांचीच येतात. (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : बरोबर पकडलंत. मताधिकार पुरुषांनाच होता म्हणून पदांवर पुरुष दिसतात, पण लढ्यात बायका पहिल्यापासून होत्या. १८६६ मध्ये फ्रान्सिस हार्पर या कवयित्रीने न्यूयॉर्कच्या महिला हक्क परिषदेत गोऱ्या बायकांना तोंडावर सांगितलं की तुम्ही हक्कांबद्दल बोलता, मी अन्यायांबद्दल बोलते, कारण ट्राममधून हाकलून मला देतात, तुम्हाला नाही.

आणि अटलांटाचा धोबिणींचा संप! जुलै १८८१, वीसेक बायका एका चर्चमध्ये जमल्या आणि धुलाईची संघटना काढली. मागणी साधी, १२ पौंड कपड्यांना एक डॉलर, सगळीकडे एकच दर. घरोघर फिरून तीन आठवड्यांत सुमारे ३,००० जणी केल्या. गोऱ्या घरांत ओले, न धुतलेले कपड्यांचे ढीग पडले, कारण जरा बरं चाललेल्या घरातही कपडे बाहेरच धुवायला जायचे, पाणी वाहून आणणं, कढईत उकळणं, घासणं, स्टार्च, इस्त्री हे सगळं या बायका आपल्या अंगणात करायच्या. काहींना अटक झाली, दंड झाला, नगरपालिकेने धोबिणींवर वर्षाला २५ डॉलर लायसन्स फी लावायचं काढलं. यांनी मेयरला पत्र पाठवलं की २५ काय ५० भरतो, पण मग दर आमचा, आणि या आठवड्यात काय ते सांगा नाहीतर धुलाई बंद. ती फी शेवटी लागलीच नाही. दर किती वाढले ते कुठे नीट नोंदलं गेलं नाही पण शहर हललं.

आयडा वेल्स तर माहीत असायलाच हवी. टेनेसीतली शिक्षिका, बायकांच्या डब्याचं तिकीट असून कंडक्टरने ओढून काढायला लागल्यावर त्याच्या हाताला चावली. तिने रेल्वेवर केस केली, १८८४ मध्ये ५०० डॉलर जिंकली, १८८७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. १८९२ मध्ये मेम्फिसला तिच्या ओळखीच्या तीन किराणा दुकानवाल्यांना जमावाने तुरुंगातून काढून मारलं, गुन्हा काय तर शेजारच्या गोऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटत होतं. तिने पेपरमध्ये लिहिलं की जे शहर आपला जीव राखत नाही ते सोडा, आणि हजारो लोकांनी खरंच सोडलं, ट्रामचा धंदा बसला. मग लिंचिंगच्या एकेका केसची माहिती काढून ती छापायला लागली. ती बाहेरगावी असताना तिच्या छापखान्याची नासधूस झाली आणि परत आलीस तर मारू अशी धमकी आली. तिने उत्तरेत जाऊन तेच काम चालू ठेवलं, इंग्लंडमध्येही भाषणं दिली.

प्रश्न : आम्ही इथे नोकरीसाठी आलो, मुलगी इथेच जन्मली म्हणून ती अमेरिकन नागरिक. हा नियमही त्याच काळातला आहे का? (मराठी वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : हो, आणि तो तुमच्यापर्यंत पोचवला एका चिनी आचाऱ्याने. १४ व्या दुरुस्तीत जन्माने नागरिकत्व लिहिलं ते मुळात मोकळ्या झालेल्या गुलामांसाठी. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायला बंदी झाली. वाँग किम आर्क सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ मध्ये जन्मला, आईवडील चिनी. चीनला जाऊन १८९५ मध्ये परत आला तर अधिकाऱ्यांनी त्याला उतरूच दिलं नाही, तू नागरिक नाहीस म्हणून, कित्येक महिने बंदरातल्या जहाजांवर अडकवून ठेवला. तो लढला आणि १८९८ मध्ये ६ विरुद्ध २ ने जिंकला. त्या दोन विरोधकांत आपला तो हार्लन होता!

चिनी लोकांचं अजून एक. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लॉन्ड्री चालवायची तर परवानगी घ्या असा नियम निघाला, आगीच्या भीतीने म्हणे. वाचायला अगदी निरुपद्रवी, चिनी हा शब्दच नाही. पण अर्ज केलेल्या सुमारे २०० चिनी लॉन्ड्रीवाल्यांपैकी एकालाही परवानगी मिळाली नाही आणि ८० च्या आसपास इतरांपैकी एक सोडून सगळ्यांना मिळाली. १८८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की कायदा दिसायला समान असला तरी राबवताना भेद केला तर तो घटनाबाह्य. हेच तत्त्व मतदानाच्या कायद्यांना लावलं असतं तर लुईझियानातला तो आकडा ५,३२० वर आला नसता, पण १८९८ मध्ये मिसिसिपीची केस आली तेव्हा कोर्टाने ते लावायचं नाकारलं.

मूळ रहिवाशांचं मात्र उलटं, तिथेच जन्मून नागरिक नाहीत. १८७९ मध्ये ओमाहाच्या कोर्टात पोन्का जमातीचा स्टँडिंग बेअर, मेलेल्या मुलाच्या अस्थी जन्मभूमीत पुरायला निघाला म्हणून पकडलेला, त्याच्या केसमध्ये जजने इंडियन, म्हणजे तिथला मूळ रहिवासी, हा कायद्याने 'व्यक्ती' आहे असं सांगितलं. हेही सांगावं लागलं! सगळ्यांना नागरिकत्व यायला १९२४ उजाडलं.

प्रश्न : जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्यांना तिथलं पुढचं चित्र माहीत होतं का? (शिक्षिका, सांगली)

उत्तर : पुस्तक १८७३ चं, म्हणजे तिथे कृष्णवर्णीय खासदार बसलेले होते तेव्हाचं. आणि अर्पणपत्रिका नीट वाचा, ती गुलामीतून लोकांना सोडवायला झटलेल्या सदाचारी लोकांना आहे, तिथल्या सरकारला नाही, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र भावंडांना सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा आहे. त्यामुळे पुढे काय बिघडलं त्याने त्या अर्पणाला बाधा येत नाही असं माझं मत. कोलफॅक्स मात्र त्याच वर्षी घडलं.

प्रश्न : गुलामांना नुकसानभरपाई म्हणून कधी काहीच मिळालं नाही का? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर : सरकारी भरपाई मिळाली, पण मालकांना! १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम सोडवताना माणशी ३०० डॉलरपर्यंत मालकाला दिले. तुम्ही बँकेतले म्हणून सांगतो, मोकळ्या झालेल्यांसाठी काढलेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली, ६१,००० च्या आसपास ठेवीदार, जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले, लोकांना वाटायचं मागे सरकार आहे, तर नव्हतं.

एक बाई मात्र जिंकली. हेन्रिएटा वुड, सिनसिनाटीत कायद्याने मोकळी झालेली, १८५३ मध्ये तिला पळवून पुन्हा विकलं. युद्धानंतर परत येऊन १८७० मध्ये तिने पळवणाऱ्यावर २० हजार डॉलरचा दावा लावला, १८७८ मध्ये ज्युरीने २,५०० दिले. गुलामीत राबलेल्या लोकांसाठी पेन्शन मागणारी मोठी चळवळ नॅशव्हिलच्या कॅली हाउसने १८९० च्या दशकात उभी केली, तीही धोबीणच होती. सरकारने उलट तिच्यावरच टपालातून फसवणूक केल्याची केस घातली, मिळणार नाही अशा पेन्शनची आशा दाखवते म्हणून, आणि १९१७ मध्ये तिला एक वर्षाची कैद झाली.